‘घरीच आरामात बघू’

आज सकाळी शाळेच्या ग्रुपवर एकाने टाकलं, "थिएटरला कोण जातंय आता? घरीच आरामात बघायचा सिनेमा. पाय वर घेऊन. हवं तेव्हा पॉझ, हवं तेव्हा चहा." खाली अठरा अंगठे. त्यातले बारा पुरुषांचे, मी मोजले. उरलेल्या सहाजणींशी मी वेगळं बोलणार आहे.

हवं तेव्हा चहा. बरं. आणि तो करतं कोण रे?

कालचा रविवार डोक्यात नसता तर मीही एक अंगठा देऊन पुढे गेले असते. पण काल रात्री झोप लागली नाही, त्यामुळे आज तुम्हा सगळ्यांना हे वाचावं लागणार.

आई सध्या माझ्याकडे आहे, ठाण्याला. 78 पूर्ण. गुडघे गेलेत, कान मात्र अजून तिखट. काल भाऊ आणि वहिनी जेवायला आले होते. जेवणं आटोपली, ओटा आवरून झाला आणि मी आईला म्हटलं, "चल, आज तुला ‘उंबरठा’ दाखवते." ती म्हणाली, "बघितलाय की मी." मग जरा थांबून, "म्हणजे, चालू होता घरात."

चालू होता घरात. आमच्या आईने आयुष्यात बघितलेल्या बहुतेक सिनेमांचं वर्णन या तीन शब्दांत होतं.

आमचं डोंबिवलीचं घर दीड खोल्यांचं. बाहेरच्या खोलीत शटरवाला ब्लॅक अँड व्हाइट टीव्ही, आत स्वयंपाकघर. शनिवारी संध्याकाळी दूरदर्शनवर मराठी सिनेमा, रविवारी हिंदी. मजल्यावरच्या निम्म्या लोकांकडे टीव्ही नव्हता, म्हणून ते आमच्याकडे. सतरंजी अंथरलेली, बाबा खुर्चीत, आम्ही पोरं पुढे. आणि आई आत. पोळ्या व्हायच्या असायच्या, आलेल्यांचा चहा व्हायचा असायचा. एखादा प्रसंग रंगला, बाहेर सगळे गप्प झाले, की ती हातात लाटणं घेऊन दारात येऊन उभी राहायची. डाव्या खांद्याने चौकटीला टेकून, पिठाचे हात साडीला लागू नयेत म्हणून कोपरापासून वर धरलेले, ऑपरेशनला निघालेल्या डॉक्टरसारखे. मान आमच्या डोक्यांवरून वाकडी करून बघायची. मग आत तव्यावरून वास आला की पळायची. (स्वयंपाकघराच्या उंबरठ्यात उभी राहायची, हो. मुद्दाम नाही लिहिलेलं. होतंच तिथे दार.)

उंबरठा लागला तेव्हा स्मिता पाटील जाऊन फार दिवस झाले नव्हते. मी तेरा वर्षांची असेन. आईला तिचं फार. सिनेमामुळे नाही, बातम्यांमुळे. सत्तरच्या दशकात स्मिता मुंबई दूरदर्शनवर बातम्या द्यायची. खाली जीन्स आणि वर गुंडाळलेली साडी, ही गोष्ट तुम्ही सगळ्यांनी ऐकलेली आहे. तेव्हा टीव्ही शेजाऱ्यांकडे होता आणि आई नवी सून होती. बातम्या लागल्या की बाकी मंडळी पाय मोकळे करायला उठायची आणि आईला पुढे बसायला जागा मिळायची. म्हणून ती तिला ‘आपली बातम्यांवाली’ म्हणते. अजून म्हणते.

तर त्या शनिवारी ‘बातम्यांवाली’चा सिनेमा आहे म्हणून तिने दुपारीच भाजी करून ठेवली होती. मला आठवतंय, कारण पावट्याची उसळ होती आणि गार झाल्यावर ती कुणाला आवडली नाही. पहिला अर्धा भाग तिने खरंच बसून बघितला. सतरंजीच्या कडेला, एक पाय मुडपून, उठायच्या तयारीत. नवरा, मुलगी, भरलं घर सोडून सुलभा महिलाश्रमाची अधीक्षक म्हणून निघते, ते तिने बघितलं. मग मध्ये बातम्या लागल्या, ती पोळ्यांना उठली, आणि ‘चार उरल्यात’ म्हणत म्हणत सिनेमा संपला. हात पुसत बाहेर आली तेव्हा बाबा शटर ओढत होते. तिने विचारलं, "काय झालं हो शेवटी? आली का ती परत घरी?"

बाबा म्हणाले, "हो, आली की."

आली की! आता ज्यांनी सिनेमा बघितलाय त्यांना माहीत आहे की हे खोटं नाही. येते ती परत. आश्रमात जे काही होतं त्याला कंटाळून, राजीनामा देऊन येते. पण घरी नवऱ्याचं दुसरीकडे जुळलेलं असतं आणि लेकीला काकूचा लळा लागलेला असतो. मग ती पुन्हा निघते. शेवट आगगाडीत आहे. बाबांनी आईला शेवटाच्या अलीकडची दहा मिनिटं शेवट म्हणून सांगितली. आणि 1982 सालच्या त्या सिनेमातली ती बाई आमच्या आईच्या डोक्यात पुढे जवळजवळ चाळीस वर्षं घरी सुखाने नांदत होती.

मला याचा किती संताप येतो ते लिहिता येत नाहीये. चार वेळा लिहून खोडलं.

आणि हे एकाच सिनेमाचं नाही. ‘श्वास’ घ्या. 2004 साली राष्ट्रीय पुरस्कारांत सर्वोत्कृष्ट चित्रपट ठरला, ‘श्यामची आई’नंतर पन्नास वर्षांनी मराठीला तो मान मिळाला, ऑस्करसाठी भारताकडून गेला, म्हणून भावाने कौतुकाने सीडी आणली होती. मुलाच्या डोळ्यांचं ऑपरेशन व्हायचंय, त्यानंतर त्याला दिसणार नाही, म्हणून आजोबा त्याला शेवटचं सगळं बघून घे म्हणून बाहेर नेतात. बाहेरच्या खोलीत आम्ही सगळे नाक पुसतोय आणि आई आत कुकरची शिट्टी दाबून धरतेय, आम्हाला संवाद ऐकू यावेत म्हणून. बघून घेणं हाच ज्या सिनेमाचा विषय, तो तिने ऐकला.

‘अशी ही बनवाबनवी’ तर तिला तोंडपाठ आहे. 1988 पासून टीव्हीवर किती वेळा लागला असेल, देव जाणे. त्यातला तो सत्तर रुपयांचा विनोद आला की आतून तिचं हसू आमच्या आधी यायचं. पण एकदा माझ्या लेकाने तिला मोबाइलवर त्यातला एक तुकडा दाखवला तेव्हा ती म्हणाली, "अगंबाई, हा असा दिसतो होय!" आवाजावरून ओळखते ती नटांना. आम्ही सगळे हसलो. मीही.

आता कुणीतरी म्हणणारच की थिएटरची तिकिटं बघ, पॉपकॉर्नचे भाव बघ. बघितलेत. लूट आहे, मान्य. आईचे गुडघे थिएटरच्या पायऱ्या चढू शकत नाहीत, तेही मान्य. पण अंधारात, खुर्च्यांच्या रांगेत मधोमध बसलेल्या बाईला कुणी ‘जरा पाणी दे’ म्हणू शकत नाही, हे तुमच्या त्या ‘आरामात’वाल्याला कसं सुचणार?

1991 साली ‘माहेरची साडी’ आला तेव्हा आमच्या मजल्यावरच्या बायका एकत्र टॉकीजला गेल्या होत्या, हळदीकुंकवाला निघाल्यासारख्या नटून. आई आयुष्यात मोजून पाच-सहा सिनेमे टॉकीजमध्ये बघितलेली बाई, ती पण गेली. येताना डोळे सुजलेले आणि चेहरा कसा? लख्ख. मी तेव्हा कॉलेजात होते आणि फिल्म क्लबात जायचे. मी तिची इतकी टिंगल केली! रडका सिनेमा, मेलोड्रामा, बायकांना मागे नेणारा, काय काय बोलले. आजही तो सिनेमा मला आवडत नाही, ते सोडा. पण टायटलपासून ‘समाप्त’पर्यंत ती एका जागी बसली होती. सलग. कुणाची पोळी करपत नव्हती. ती काय बघून आली होती ते मला तेव्हा कळलंच नाही.

असो. कालचं.

सिनेमा लावला. दहाव्या मिनिटाला लेक म्हणाला, "किती स्लो आहे, दीडच्या स्पीडवर टाकू का?" त्याच्याकडे मी असं बघितलं की तो आत जाऊन झोपला. भाऊ सोफ्यावर मोबाइल चाळत. नवरा पेपर घेऊन. वहिनी आणि मी खाली, आई मध्ये खुर्चीत, पाय स्टुलावर. रंगीत उंबरठा ती पहिल्यांदाच बघत होती. ‘सुन्या सुन्या मैफिलीत’ लागलं तेव्हा तिने ओठांत म्हटलं, शब्द न शब्द. गाणी तिची कधीच चुकली नाहीत, ती आत ऐकू यायची.

आणि सुलभा घरी परत आली. आई मला म्हणाली, "ही बघ, आली." इतक्या समाधानाने, की मला पुढचं दाखवावंसं वाटेना.

नेमकं तेव्हा भाऊ मोबाइलमधून डोकं वर न काढता म्हणाला, "ताई, चहा टाकतेस का जरा?"

माझं डोकं फिरायच्या आत माझ्या बाजूला हालचाल झाली. आई उठत होती. तिला कुणी सांगितलं नव्हतं. एक हात गुडघ्यावर, एक खुर्चीच्या हातावर, डोळे टीव्हीवर, आणि बाई उठतेय! माझ्या घरात, जिथे चहाचा डबा कुठे आहे हेही तिला नीट माहीत नाही. ‘चहा’ हा शब्द ऐकला आणि 78 वर्षांचे ते गुडघे आपले आपण निघाले.

मी तिचं मनगट धरलं. जोरात धरलं गेलं बहुतेक, बांगड्या वाजल्या. म्हटलं, "आई, बस." भावाला म्हटलं, "तू टाक." पॉझ केला नाही. मुद्दाम. त्याचं चुकू दे. तो गेला, आणि पाच मिनिटांत आतून ‘साखर कुठंय’ आलं. कुणी उत्तर दिलं नाही. (बिनसाखरेचा आणला. बरा होता, सांगायला हवं.)

आईने शेवट बघितला. नवरा सांगतो ते, लेक काकूला बिलगते ते, बॅग, आगगाडी. हललीसुद्धा नाही. संपल्यावर मला वाटलं काहीतरी बोलेल. मी आपली तयारच होते, डोळे भरून वगैरे. ती बराच वेळ गप्प बसली आणि म्हणाली, "ह्यांना झोप लागली असेल तेव्हा. थकून यायचे ना शनिवारी."

झोप लागली असेल! जाऊन चार वर्षं झालेल्या माणसाची बाजू घेतेय. मी चिडून म्हणणार होते की नाही लागली झोप, टक्क जागे होते, त्यांनी स्वतःच्या हाताने टीव्ही बंद केला.

कारण मी तिथेच होते.

हे काल रात्री अंथरुणात पडल्यावर लक्षात आलं आणि झोप गेली ती गेलीच. मी तेरा वर्षांची, सतरंजीवर सगळ्यांत पुढे बसलेली. आगगाडी मी बघितली होती. आईने विचारलं तेव्हा मी तिच्यापासून दोन हातांवर होते. बाबा ‘आली की’ म्हणाले आणि मी काही बोलले नाही. बाबांची भीती होती असंही नाही, ते कधी ओरडायचे नाहीत, रविवारची भांडीसुद्धा विसळायचे, एवढं त्यांच्या बाजूने लिहायला हवं. मला भूक लागली होती. पोळ्या झाल्या होत्या. ताटं घ्यायची होती. आणि कदाचित, हे लिहिताना हात अडखळतोय, पण कदाचित मलाही बरं वाटलं असेल की आईला कळलं नाही की अशी बाई निघूनही जाऊ शकते.

बाबांनाही तेच वाटलं असेल का? विचारायची सोय नाही आता.

सकाळी चहा पिताना मी आईला सांगून टाकलं की मला माहीत होतं. ती बशीत चहा ओतत होती. म्हणाली, "अगं, तू केवढीशी होतीस," आणि मग, "त्या पोरीचं काय झालं असेल पुढे? राणीचं?" म्हटलं, आई, सिनेमा आहे तो, संपला. "हो, पण असेल ना कुठेतरी," म्हणाली आणि दुधावरची साय बाजूला काढायला लागली.

तर ग्रुपवरच्या त्या मित्रा, तुझा अंगठा तुझ्याकडे ठेव.

पुढच्या रविवारी आमच्याकडे बनवाबनवी आहे. आईची फर्माईश. अश्विनी भावेची ती लिंबू कलरची साडी, जिच्याबद्दल इतकी वर्षं आतून ऐकलं, ती खरंच लिंबू कलरची आहे का ते तिला बघायचंय. भाऊ-वहिनीला सांगितलंय. दुपारी दोनला सुरू, मध्ये थांबणार नाही. चहा ज्याला लागेल त्याने येताना थर्मासमधून आणावा. साखर घालून.