‘पोरांना अभ्यास करू द्या’ म्हणणाऱ्या सरांना उत्तर

सर, नमस्कार.

रेशनच्या कामात तरुण मुलं-मुली हवीत, या माझ्या लेखाखाली तुम्ही मोकळेपणाने लिहिलंत. फुकटच्या धान्याने लोक आळशी झाले, शेतात मजूर मिळेना, असं तुमचं म्हणणं. दुसरं, असल्या कामाला येणारी पोरं दोन दिवस फोटो काढतात आणि गायब होतात. आणि तिसरं, अभ्यासाच्या वयात त्यांना रेशन दुकानाच्या दारात उभं करणं म्हणजे त्यांचं नुकसान. तुम्ही जन्मभर जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवलंत, त्यामुळे तिसऱ्या मुद्द्यामागची काळजी मला कळते. आधीचे दोन आधी घेते.

2013 च्या राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायद्याने प्राधान्य कुटुंबाला, म्हणजे ठरावीक उत्पन्नाच्या आतल्या घराला, माणशी महिना 5 किलो धान्य मिळतं. आधी तांदळाला 3 आणि गव्हाला 2 रुपये किलो पडायचे, जानेवारी 2023 पासून ते मोफत झालं. 5 किलो म्हणजे दिवसाला 165 ग्रॅमच्या आसपास, फार तर दोन-अडीच भाकरी. तेल, डाळ, मीठ, गॅस, दवाखाना, पोरांची फी हे सगळं विकतच घ्यावं लागतं. एवढ्या धान्यावर कुणाला घरी बसून राहणं परवडत नाही.

फोटोंबद्दल तुमचं निरीक्षण खरं आहे. पण त्या पोरांना बोलावलेलं असतं धान्याची पाकिटं वाटायला. पाकिटं संपली की काम संपलं, मग थांबायचं कशासाठी? जिथे डोकं लावायचं काम मिळतं, तिथे मुलं टिकतात हे मी बघते आहे. आमच्या वस्तीत अकरावी-बारावीच्या काही मुली रेशनच्या पावत्या तपासतात. एका आजींच्या कार्डावर पाच युनिट, म्हणजे पाच माणसं. अंगठा लागला, मशीनमधून पावती आली, तिच्यावर 25 किलो. पिशवी शेजारच्या किराणा दुकानातल्या काट्यावर ठेवली तर 22 भरली. मुलीने तिथे आवाज चढवला नाही. तारीख, पावती नंबर आणि वजन वहीत लिहिलं. अशा बऱ्याच नोंदी जमल्यावर सगळ्यांच्या सहीचा अर्ज पुरवठा निरीक्षकांकडे गेला आणि चौकशी लागली. दुकानदार म्हणाला, गोदामातून येणारे कट्टेच कमी भरतात, आणि क्विंटलमागे मिळणाऱ्या मार्जिनमध्ये ती तूट मी कुठून भरून काढू? त्याचंही म्हणणं त्याच वहीत लिहिलं गेलं. आता मुली गोदामातून निघणाऱ्या मालाच्या वजनाबद्दल विचारत आहेत. गणित, नागरिकशास्त्र आणि अर्जलेखन एकाच कामात शिकायला मिळतं, सर.

आता तुमचा तिसरा मुद्दा. या पोरांना आपण बाहेरून आणून रेशनच्या दारात उभं करत नाही. ती तिथलीच आहेत, त्यांची नावं त्याच कार्डावर आहेत. गावाकडून पुण्यात येऊन अभ्यासिकेत बसणारा, मेसचा डबा खाणारा एमपीएससीचा मुलगा घ्या. त्याचं युनिट गावच्या कार्डावर असतं. ई-केवायसी, म्हणजे आधारवरून ओळख पटवणं, राहिली की ते युनिट धोक्यात येतं, आणि त्याला कळतं तेव्हा आईला महिन्याचं धान्य कमी मिळालेलं असतं. ही केवायसी आता मोबाइलवर चेहरा दाखवून होते. ज्याला हे जमतं त्याने आळीतल्या चार म्हाताऱ्यांचंही करून द्यावं, कारण कष्टाने झिजलेली त्यांची बोटं मशीन ओळखत नाही. अर्ध्या तासाचं काम आहे, अभ्यास बुडत नाही.

उत्पन्नाची अट तर थेट याच वयाच्या मुळावर येते. प्राधान्य कुटुंबासाठी 2013 मध्ये मर्यादा ठरली ती शहरात वर्षाला 59,000 आणि ग्रामीण भागात 44,000 रुपये. शहरात महिन्याला पुरते पाच हजारही नाहीत. घरातला मुलगा बारा हजारांच्या पहिल्या नोकरीला लागला की कागदावर ते घर अपात्र. म्हणजे नातू कमावता झाला की आजीचं धान्य बंद व्हायची वेळ येते. वर तहसीलमध्ये नवीन नाव चढवायला गेलं की उत्तर ठरलेलं, ‘इष्टांक शिल्लक नाही,’ म्हणजे लाभार्थ्यांची ठरवून दिलेली संख्या भरली. राज्याचा इष्टांक साधारण सात कोटींचा आहे आणि तो 2011 च्या जनगणनेवर बेतलेला आहे. त्यानंतर जन्मलेली मुलं आता शाळेत मोठ्या वर्गात आहेत! या मर्यादा बदलायला हव्यात ही मागणी पन्नाशीतल्या कार्यकर्त्यांनी करून झाली आहे. ज्यांच्या पहिल्या पगाराने घरचं कार्ड जातं, त्यांनी ती केली तर तिला वेगळं वजन येईल. म्हणून मला तरुण हवे आहेत.

आणखी एक, जे तुम्ही माझ्यापेक्षा जवळून पाहिलं असणार. 1995 च्या केंद्राच्या पोषण आहार योजनेत शाळेतून महिन्याला तीन किलो तांदूळ वाटला जायचा, हजेरी 80 टक्के असेल तर. 2001 मध्ये राजस्थानात दुष्काळ होता आणि सरकारी गोदामं धान्याने भरलेली होती. तेव्हा पीयूसीएल ही नागरी हक्कांसाठी काम करणारी संघटना सर्वोच्च न्यायालयात गेली. त्याच वर्षी 28 नोव्हेंबरला न्यायालयाने प्राथमिक शाळांत शिजवलेलं अन्न द्या असा आदेश दिला, आणि आपल्याकडे शाळेच्या आवारात खिचडीची पातेली चढली. आज विशी-पंचविशीत असलेली किती मुलं त्या खिचडीवर वाढली! ती कुणाच्या मेहेरबानीने मिळाली नाही, लोकांनी झगडून मिळवली, हे त्यांना शाळेत कुणी सांगितलंच नाही. तुम्ही सांगू शकता. तुमचं ते ऐकतील.

एक विनंती आहे. 2013 च्या त्याच कायद्याच्या कलम 29 प्रमाणे प्रत्येक रेशन दुकानावर लक्ष ठेवणारी दक्षता समिती असायला हवी. तुमच्या गावच्या समितीत कोण कोण आहे आणि तिची शेवटची बैठक कधी झाली, हे ग्रामपंचायतीत विचाराल का? जाताना तुमचे दोन-तीन माजी विद्यार्थी सोबत न्या. काय उत्तर मिळालं ते इथेच खाली लिहा, मी वाट बघते.