सिमॅरॉन काउंटीला कुणाचा शाप नव्हता

आमच्या फॅमिली ग्रुपवर ‘अमेरिकेतली शापित काउंटी’ नावाचा मेसेज फिरतोय, आणि काल भाचीने तो जसाच्या तसा भूगोलाच्या प्रोजेक्टमध्ये उतरवला म्हणून लिहावं लागतंय. मेसेज आहे ओक्लाहोमा राज्याच्या पश्चिम टोकाच्या सिमॅरॉन काउंटीबद्दल (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखं). म्हणे तिथे कधी कुणी राहतच नव्हतं, मग देवाच्या कोपाने जमिनीची धूळ झाली, मग जपानने बॉम्ब टाकले आणि आता तिथे एकही माणूस नाही.

‘कुणी राहत नव्हतं’ हे साफ खोटं. कोमांचे आणि कायोवा या मूळ अमेरिकी लोकांचा वावर तिथे होताच, सांता फे ट्रेल या जुन्या व्यापारी वाटेचा एक फाटाही तिथूनच जायचा. नव्हतं ते सरकार. ३६ अंश ३० मिनिटे अक्षांशाच्या उत्तरेला गुलामगिरीला बंदी आणि टेक्सासला गुलाम ठेवायचे होते, म्हणून १८५० मध्ये त्यांनी त्या रेषेपलीकडची आपली ही पट्टी सोडून दिली. १८९० पर्यंत ती कुठल्याच राज्यात किंवा टेरिटरीत (अजून राज्य न झालेल्या प्रदेशात) नव्हती.

पण ‘देवाचा कोप’ वाचून खरंच डोकं फिरलं. १९३० च्या दशकात पावसाने दगा दिला, तेवढं मान्य. पण दुष्काळ तिथे आधीही पडायचे, तेव्हा बफेलो ग्रास या तिथल्या रानगवताची मुळं माती धरून ठेवायची. पहिल्या महायुद्धात गव्हाचा भाव बुशेलला (साधारण २७ किलोला) दोन डॉलरच्या वर गेला आणि लोकांनी ते गवत नांगरून काढलं, पुढे भाव कोसळले तर कर्ज फेडायला अजून जमीन फोडली, मग गहू परवडेना म्हणून कितीतरी शेतं उघडीच टाकली, आणि पाऊस गेला तेव्हा माती धरायला काही उरलंच नव्हतं. १४ एप्रिल १९३५ ला, ‘ब्लॅक संडे’ला, धुळीच्या वादळाने दिवसाढवळ्या अंधार झाला. मेसेजसोबतचा फोटो आर्थर रोथस्टीनने १९३६ मध्ये याच काउंटीत काढलाय. बाप आणि दोन मुलं वादळातून चाललीत, धाकटा मागे पडलाय, डोळ्यांवर हात धरून. त्या पोराची ही अवस्था माणसांच्या निर्णयांमुळे झाली होती. हे माझं मत नाही, त्याच वर्षी राष्ट्राध्यक्ष रूझवेल्टने नेमलेल्या समितीने अहवालात लिहिलंय की मूळ कारण म्हणजे त्या प्रदेशाला न मानवणारी शेती त्याच्यावर लादली. मुलांना ‘कोप’ शिकवला की माती का गेली हे कुणी विचारणारच नाही.

जपानचं तर काहीच्या काही. ५ जुलै १९४३ च्या मध्यरात्रीनंतर बॉईस सिटीवर, म्हणजे या काउंटीच्या मुख्य गावावर, बॉम्ब पडले हे खरं, पण ते अमेरिकेच्याच बी-१७ विमानाने टाकले. टेक्सासच्या डॅलहार्ट हवाई तळावरून सरावाला निघालेल्या क्रूला कोर्टाभोवतीचे दिवे टार्गेट वाटले. सरावाचेच बॉम्ब, आत बरीचशी वाळू, कुणी मेलं नाही.

आणि माणसं आहेत तिथे. धुळीच्या दशकात लोकसंख्या जवळपास एक तृतीयांश घटली, तरी बरेच जण टिकून राहिले. २०२० च्या जनगणनेत २,२९६ लोक होते. आजही गहू आणि गुरं आहेत, आणि बरीच बागायत ओगालाला या जमिनीखालच्या मोठ्या पाणीसाठ्यावर चालते. ते पाणीही उपसून उपसून खाली चाललंय. सिमॅरॉनबद्दल मेसेज पाठवायचाच होता तर हे पाठवायचं.