टीएसएच नॉर्मल म्हणजे गाठ निर्धोक नव्हे

एका रुग्णाच्या थायरॉइडच्या गाठीवरच्या लेखातलं ‘रक्ततपासणीने थायरॉइडचा कॅन्सर पकडला’ हे वाक्य खटकलं. रक्ताने नाही पकडला. टीएसएच (थायरॉइडला काम करायला लावणारं, रक्तात मोजलं जाणारं हार्मोन) बिघडला म्हणून सोनोग्राफी झाली आणि तिच्यात गाठ दिसली. बहुतेक थायरॉइड कॅन्सरमध्ये टीएसएच अगदी नॉर्मल असतो. (मेड्युलरी नावाच्या प्रकारात रक्तात कॅल्सिटोनिन हे दुसरं हार्मोन वाढतं, म्हणून रक्तात सुगावा लागण्याचा तेवढा अपवाद.)

टीएसएच कमी आला तर गाठीत तपासणीची सुई टोचण्याआधी आयसोटोप स्कॅन (किरणोत्सारी औषध देऊन काढलेलं चित्र) हवा, कारण ते औषध जास्त शोषणाऱ्या ‘हॉट’ गाठीत कॅन्सर क्वचितच निघतो. केसांसाठी बायोटिन या व्हिटॅमिनच्या गोळ्या चालू असतील तर टीएसएच खोटाच कमी येऊ शकतो. निदान दोन दिवस त्या गोळ्या थांबवून पुन्हा तपासा. मात्र सोनोग्राफीत गाठ भरीव, काळपट, कडा वेड्यावाकड्या, आत बारीक पांढरे ठिपके आणि आकार १ सेंमी किंवा जास्त असेल, तर टीएसएच नॉर्मल असला तरी एफएनएसी (बारीक सुईने गाठीतल्या पेशी काढून तपासणं) करायलाच हवी.