‘देवाची मुलं’वाला मेसेज पुढे पाठवायच्या आधी आमच्या पोराबद्दल थोडं वाचा

२१ मार्च जवळ आला की आमच्या सगळ्या ग्रुपवर तो मेसेज येतो. माहेरचा ग्रुप, सासरचा ग्रुप, सोसायटी, दहावीची बॅच, सगळीकडे तोच. त्या दिवशी जागतिक डाऊन सिंड्रोम दिवस असतो (२१ नंबरचं गुणसूत्र दोनच्या जागी तीन, म्हणून तिसऱ्या महिन्यातली २१ तारीख). मजकूर साधारण असा असतो: ‘डाऊन सिंड्रोमची मुलं म्हणजे देवाची मुलं. ती शांत असतात, कधी रागावत नाहीत, कायम आनंदी असतात. वय वाढलं तरी मन दोन वर्षांच्या बाळाचंच राहतं, म्हणून शाळा-अभ्यासाचा त्रास देऊ नका, फक्त प्रेम द्या. आईचं वय जास्त असलं की अशी मुलं होतात. त्यांचं आयुष्य थोडं असतं. देव खास आईबाबांचीच निवड करतो. असं मूल दिसलं तर पाया पडा, आशीर्वाद मिळेल.’

पाठवणाऱ्यांचं मन चांगलंच असतं. मला पहिल्यांदा हा मेसेज माझ्या आत्याने पाठवला होता आणि ती माझ्या पोरासाठी गुरुवार धरते. पण आमचा मुलगा आता साडेपाच वर्षांचा आहे, त्याला डाऊन सिंड्रोम आहे, आणि या साडेपाच वर्षांत यातल्या जवळजवळ प्रत्येक वाक्याने आमचं काही ना काही नुकसान केलंय. म्हणून एकेक वाक्य घेते. मोठं झालंय, वेळ काढून वाचा.

‘ती शांत असतात.’

यापासूनच सुरू करते कारण यात माझं पोर जाता जाता राहिलं. जन्मला तेव्हा सगळे म्हणायचे किती गुणाचं बाळ, रडतच नाही, रात्री उठवतच नाही. बारशाला आलेल्या बायका माझ्या जावेला म्हणाल्या, हिचं नशीब बघ, तुझ्या पोराने तर वर्षभर झोपू दिलं नव्हतं. मलाही बरं वाटायचं, खोटं कशाला बोलू. दूध प्यायला घेतलं की दोन-तीन मिनिटांत दमून झोपायचा आणि कपाळाला घाम यायचा, मला वाटलं उकडत असेल, मे महिना होता आणि सांगलीचा मे म्हणजे काय ते सांगलीकरांना माहितीये. पाचव्या आठवड्यात मिरजेला एका तरुण डॉक्टरांनी विचारलं, टूडी इको (हृदयाची सोनोग्राफी) केलाय का. मी म्हटलं छातीत जादा आवाज (मर्मर) नाही असं आधीच्या डॉक्टरांनी सांगितलंय. ते म्हणाले, ताई, आवाज नसला तरी करायचा, डाऊन सिंड्रोमच्या प्रत्येक बाळाचा करायचा. केला तर हृदयाच्या मधल्या पडद्यात मोठं भोक निघालं. भोक मोठं असलं आणि फुप्फुसातला दाब वाढलेला असला की कधी कधी स्टेथोस्कोपला तो आवाज येतच नाही, हे मला त्या दिवशी कळलं. पाचव्या महिन्यात पुण्याला ऑपरेशन झालं. उशीर झाला असता तर फुप्फुसाच्या रक्तवाहिन्या कायमच्या खराब होतात आणि मग ऑपरेशनही करता येत नाही.

डाऊन सिंड्रोमच्या जवळजवळ निम्म्या बाळांना हृदयाचा काही ना काही दोष असतो. स्नायू जन्मतःच सैल असतात त्यामुळे रडण्यात जोर नसतो, चोखण्यात जोर नसतो. थायरॉइड कमी असलं तरी बाळ सुस्त, झोपाळू होतं, बद्धकोष्ठ होतं. म्हणजे जे ‘शांत’ दिसतं त्याच्यामागे तपासण्यासारख्या तीन गोष्टी असू शकतात, आणि तो शब्द वापरला की कुणी तपासत नाही. आम्ही दर वर्षी टीएसएच (थायरॉइडची रक्ततपासणी) करतो. कुणाच्या घरी असं बाळ आलं असेल तर बाकी मेसेज नंतर पाठवा, आधी इको झाला का ते विचारा.

‘कायम आनंदी असतात, कधी रागावत नाहीत.’

तीन वर्षांचा असताना आमचा पोरगा ताट फेकायचा. रोज. सासूबाई म्हणायच्या हट्टी आहे, शेजारच्या काकू म्हणायच्या अशी मुलं हट्टीच असतात (तोपर्यंत त्याच काकू आनंदी असतात म्हणत होत्या). स्पीच थेरपीच्या मॅडमनी दोन गोष्टी करायला सांगितल्या. एक, कान तपासा. कानाचे मार्ग बारीक असतात, पडद्यामागे पाणी साठतं, या मुलांमध्ये ते फार कॉमन आहे. निघालं पाणी, दोन्ही कानात. महिनोन्‌महिने तो आम्हाला पाण्याखालून ऐकल्यासारखं ऐकत होता आणि आम्ही ‘ऐकत नाही, ऐकत नाही’ म्हणत होतो. दुसरं म्हणजे खुणा शिकवा. या मुलांना कळतं खूप आधी आणि बोलता येतं खूप उशिरा, मधल्या काळात त्यांचं काय होत असेल विचार करा. पाणी, अजून, संपलं, दुखतंय, नको, एवढ्या पाच खुणा शिकायला आम्हाला दोन महिने लागले. घरातले घाबरले होते, खुणा केल्या तर बोलणारच नाही म्हणून. उलट झालं, ‘नको’ची खूण करता करताच ‘न्नो’ म्हणायला लागला. ताटात दही नको होतं त्याला. बाकी काही नाही, दही.

तो रागावतो. मोबाईल काढून घेतला की रागावतो, चुलत भावाला माझ्या मांडीवर बघितलं की जळतो, इंजेक्शनवाल्या दवाखान्याचा रस्ता लागला की रिक्षातच रडतो. पप्पा रात्रपाळीला गेले की दारापाशी चप्पल धरून बसतो, ते दुःख आहे, दुसरं काय म्हणणार त्याला. आणि खूप हसतोही. पण ते त्याचं हसू आहे, गुणसूत्राचं नाही. उद्या मोठेपणी तो गप्प गप्प राहायला लागला, जेवेना झाला तर ‘ही मुलं आनंदीच असतात’ म्हणणाऱ्या माणसाला त्याचं डिप्रेशन दिसणार आहे का? मोठ्या वयात डिप्रेशन, चिंता यांनाही होते.

‘मन दोन वर्षांच्या बाळाचंच राहतं, शाळेचा त्रास देऊ नका.’

मन दोन वर्षांचं राहत नाही. शिकण्याचा वेग कमी असतो, बहुतेकांना सौम्य किंवा मध्यम बौद्धिक अक्षमता असते, पण शिकणं थांबत नाही, विसाव्या वर्षीही नाही, तिसाव्याही नाही. आमचा दोन वर्षे चार महिन्यांचा असताना चालला. त्याच्या आधी दीड वर्ष फिजिओ, त्याच्यासाठी मी शिलाईचं काम सोडलं, घरात गाद्या अंथरून, लोडाला टेकवून, सोफ्याच्या कडेने त्याच्या आवडीचा स्टीलचा चमचा पुढे पुढे सरकवत आम्ही त्याला उभं केलंय. ‘फक्त प्रेम द्या’ हे ऐकलं असतं तर तो त्या लोडालाच टेकून राहिला असता. प्रेमातच तो चमचा येतो ना.

ऐकून शिकण्यापेक्षा बघून शिकणं या मुलांना सोपं जातं. मी कार्डावर ठळक शब्द लिहून वस्तूंना चिकटवले, दार, दूध, बस, आई. बाराखडी अजून येत नाही पण ‘बस’ हा शब्द तो एसटीवर ओळखतो आणि अख्ख्या स्टँडला ओरडून सांगतो. एका शाळेत मला सांगितलं की घरी मराठी बंद करा, एकच भाषा ठेवा, इंग्लिश. मी थेरपीच्या मॅडमना विचारलं. दोन भाषांमुळे या मुलांचं बोलणं मागे पडतं असं अभ्यासात आढळलेलं नाही. आणि ज्या भाषेत आजी ओरडते ती भाषा त्याला नको का यायला?

त्याच शाळेने नंतर ‘इतर पालक तक्रार करतील’ म्हणून प्रवेश दिला नाही. नाव घेत नाही. पण २०१६ चा दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा सांगतो की सरकारी अनुदान किंवा मान्यता असलेल्या शाळांनी दिव्यांग मुलांना भेदभाव न करता प्रवेश द्यायचा आणि ४० टक्के किंवा जास्त दिव्यांगत्व असलेल्या मुलाला ६ ते १८ वयात मोफत शिक्षणाचा हक्क आहे, जवळच्या शाळेत किंवा त्याच्या पसंतीच्या विशेष शाळेत. आता तो जवळच्या अंगणवाडीत जातो. तिथल्या ताईंनी कुठलं ट्रेनिंग घेतलेलं नाही पण त्या त्याला डबा स्वतः उघडायला लावतात. त्यांच्यासाठी माझ्याकडे शब्द नाहीत.

या ‘बाळ’ म्हणण्याची अजून एक बाजू आहे आणि ती कुणी बोलत नाही. बाळ म्हटलं की कुणीही उचलतं. दुकानदार गालाला हात लावतो, लग्नात अनोळखी बाई मांडीवर घेऊन पापे घेतात, आणि तोही कुणाच्याही गळ्यात पडतो. वयात ही मुलं इतरांसारखीच येतात, साधारण त्याच वयात. पंधरा वर्षांचा झाल्यावर तो असाच गळ्यात पडला तर हेच लोक काय म्हणतील, आणि कुणी त्याचा गैरफायदा घेतला तर त्याला ‘नको’ म्हणता येईल का? म्हणून आम्ही आत्तापासून नमस्कार शिकवतोय. मिठी फक्त घरच्यांना. पाहुण्यांना वाईट वाटतं, वाटू दे.

‘आईचं वय जास्त असलं की होतात.’

मी २६ वर्षांची होते. वयाबरोबर शक्यता वाढते हे खरं आहे, २५ व्या वर्षी साधारण १२०० मध्ये एक, ३५ ला ३५० मध्ये एक, ४० ला १०० मध्ये एक. पण बाळंतपणंच तरुण वयात जास्त होतात, त्यामुळे डाऊन सिंड्रोमची बहुतेक बाळं पस्तिशीच्या आतल्या आयांनाच होतात. आणि जे व्हायचं ते बहुतेकदा बीज तयार होताना होतं. ग्रहणात मी भाजी चिरली होती का, हे मला दवाखान्यात, ऑपरेशनच्या आदल्या रात्री, कुणीतरी विचारलं होतं. ग्रहणाच्या कितीतरी आधी, गर्भ राहिला त्या क्षणीच ते ठरलेलं असतं. फक्त साधारण तीन-चार टक्के मुलांमध्ये गुणसूत्राचा तुकडा दुसऱ्याला चिकटलेला असतो आणि तेव्हा आईबाबांचीही तपासणी करावी लागते, म्हणून दुसऱ्या बाळाचा विचार असेल तर पहिल्याचा कॅरिओटाइपचा (गुणसूत्रांच्या तपासणीचा) रिपोर्ट जपून ठेवा. बस.

‘आयुष्य थोडं असतं.’

जुनी गोष्ट झाली. अमेरिकेत १९८३ च्या आसपास सरासरी आयुष्य २५ वर्षांचं होतं, आता ६० च्या घरात आहे, आणि मोठा फरक पडला तो हृदयाच्या ऑपरेशनने आणि मुलांना संस्थेत टाकून न देण्याने. म्हणजे माझं पोर माझ्यानंतर जगणार आहे, जगायलाच पाहिजे. हा विचार मला रात्री झोपू देत नाही आणि हाच विचार त्या मेसेजमुळे नातेवाईकांच्या डोक्यात येतच नाही. ‘थोडेच दिवस आहेत, लाड कर गं’ म्हणत त्याला गोड भरवतात, आणि या मुलांचं वजन आधीच पटकन वाढतं.

‘देव खास आईबाबांची निवड करतो.’

माझी श्रद्धा आहे. पण हे वाक्य लोक आम्हाला कधी सांगतात माहितीये? मदत मागितली की. एक दिवस दोन तास बाळाला बघाल का विचारलं तर ‘तूच करू जाणे गं, देवाने तुला उगाच नाही निवडलं’. मी खास नाही. माझा नवरा खास नाही, एमआयडीसीत शिफ्ट करतो आणि सुट्टीच्या दिवशी पोराला घेऊन सिव्हिलमधल्या जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रात रांगेत बसतो. युडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र), राष्ट्रीय न्यास या केंद्र सरकारच्या संस्थेचा निरामय आरोग्य विमा (वर्षाला एक लाखापर्यंत, त्यात थेरपीही येते), हे आम्हाला तिथल्या रांगेतल्या दुसऱ्या एका आईने सांगितलं. निवडलेल्या घरातली म्हणून नाही, तिने तो फॉर्म आधी भरला होता म्हणून.

‘पाया पडा, आशीर्वाद मिळेल.’

गेल्या वर्षी नरसोबाच्या वाडीला गेलो होतो. दर्शनाच्या रांगेत एक आजी पुढे आल्या आणि त्याच्या पायाला हात लावायला वाकल्या. तो घाबरला, माझ्या पदरात तोंड घातलं. मी म्हटलं, आजी, पाया नका पडू, त्याला नाव विचारा. त्यांनी विचारलं. तो बोलला नाही. आजी माझ्याकडे बघायला लागल्या, मी म्हटलं थांबा जरा. त्याला शब्द जुळवायला वेळ लागतो, आठ-दहा सेकंद, आणि लोक तिसऱ्या सेकंदालाच मला विचारतात. आजी थांबल्या. रांग पुढे सरकली तरी थांबल्या. मग त्याने पदर बाजूला केला आणि अर्धवट का होईना, नाव सांगितलं. आणि बोट त्यांच्याकडे करून म्हणाला, ‘तुजं?’

आजींनी सांगितलं. घरी येईपर्यंत, कवठाची बर्फी खाताना, एसटीत, तो ते नाव म्हणत होता.