'लहान' म्हणजे काय? पातं, फूल की बोंड?

आज नागपुरात माझ्या इंग्रजीच्या दुपारच्या बॅचला एक मुलगी रडली. रोज काटोलहून बसने येते, बँकेच्या परीक्षेची तयारी करते. निबंधात आजीबद्दल लिहिलं होतं तिनं, मोतीबिंदूची सुरुवात आहे हे सांगायला आजीला 'इन्कोएट कॅटरॅक्ट' आहे म्हणून. वाचून दाखवत होती तर मागच्या बाकावरून कोणी तरी खिदळलं. तिनं बॅगेतून आधीच्या क्लासच्या छापील नोट्स काढल्या आणि माझ्यासमोर धरल्या. एका ओळीत नेसंट, इन्सिपियंट, इन्कोएट, एम्ब्रियॉनिक, फ्लेजलिंग. समोर एकच अर्थ: प्रारंभिक अवस्थेतील.

पाच शब्द आणि अर्थ एक. पोरीनं जसं छापलं तसं पाठ केलं. तिचं काय चुकलं?

तेव्हापासून डोकं तापलंय माझं. पैसे घेता ना पोरांकडून? मग असं कसं शिकवता?

मी अकरावीत होते तेव्हा बाबा तापानं अंथरुणाला खिळले होते. ऑगस्टचे दिवस. म्हणाले, वावरात जाऊन ये, कपाशी कुठवर आली ते पाहून ये. मी गेले, पाहिलं, येऊन सांगितलं, "लहानच आहे अजून." बाबा तापात उठून बसले. "लहान म्हंजे काय वं? पाते लागले का, फूल उमललं का, का बोंड धरलं? थे सांग ना!" पातं म्हणजे कपाशीची कळी. मला सांगता येईना. परत पाठवलं मला, भर उन्हात, दोन किलोमीटर.

तेव्हा राग आला होता बाबांचा. पण पातं लागल्यापासून फूल उमलायला साधारण ३ आठवडे जातात. खत कधी द्यायचं, फवारणी कधी करायची, सगळं त्यावर ठरतं. 'लहान आहे' ऐकून शेतकऱ्यानं करायचं काय?

त्या नोट्सनी आमच्या पोरीला तेच 'लहान आहे' विकलं.

इन्सिपियंट हा शब्द बहुतेक वेळा नको असलेल्या गोष्टीच्या सुरुवातीला लागतो. दुखणं, कीड, भांडण, नुकतं डोकं वर काढलेलं. आजीच्या मोतीबिंदूला हाच हवा होता. कपाशीत डोमकळी, म्हणजे न उमलता गुलाबाच्या कळीसारखं मिटून राहिलेलं फूल, दिसली की आपण समजतो, गुलाबी बोंडअळी शिरली. ती डोमकळी म्हणजे इन्सिपियंट. काटोलच्या मुलीला हे समजायला किती वेळ लागला असता?

नेसंट लॅटिनमधल्या जन्मण्याच्या धातूवरून आला. नेटिव्ह, नेशन, नेचर ही सगळी त्याच घरातली भावंडं. नुकतं जन्मलेलं, पुढे वाढेल असं वाटणारं. एम्ब्रियॉनिक त्याच्याही आधीचं, अजून पोटातलं. मूळ ग्रीक शब्दात फुगण्याचा, भरून येण्याचा अर्थ आहे. आपण गहू पोटरीवर आला म्हणतो ना? ओंबी आत आहे, बाहेरून दिसत नाही, पण पोटरी फुगलीय. फ्लेजलिंग म्हणजे उडण्यापुरती पिसं नुकती आलेलं पिल्लू. नवख्या वकिलाला शोभेल तो, मोतीबिंदूला कसा शोभेल?

आणि ज्या इन्कोएटवर पोरं हसली, तो तर थेट वावरातला निघाला! नांगराची दांडी जुवाला बांधायच्या पट्ट्याला लॅटिनमध्ये 'कोहुम' म्हणत, त्यावरून तो आल्याचं मानतात. नांगर जुंपलाय, तास, म्हणजे नांगराची रेघ, अजून पडलं नाही. म्हणून मनात घोळणाऱ्या, धड आकार न आलेल्या विचाराला इन्कोएट म्हणतात. कायद्यातही गुन्ह्याचा नुसता प्रयत्न किंवा कट यांना हाच शब्द आहे. काही जण तो 'केऑस'मधून आलाय समजून गोंधळ या अर्थानं वापरतात, पण त्याचा केऑसशी काही संबंध नाही.

परीक्षेला पाठांतर लागतं, मान्य. शब्दाच्या मुळावरून आजचा अर्थ दर वेळी निघत नाही, हेही मान्य. पण म्हणून पाच चित्रं पुसून एकच शिक्का मारायचा?

ज्या नागपुरात १९७६ पासून केंद्रीय कापूस संशोधन संस्था आहे, त्या नागपुरात कापूसवाल्यांच्या पोरांना वाढीच्या अवस्था शिकवताना आम्हाला कपाशी आठवत नाही, याचं फार वाईट वाटतं. आणि पोरं? त्यांना वाटतं, आपल्या घरची भाषा इंग्रजीच्या वर्गात काही कामाची नाही. ती मुलगी रडली ते चुकलं म्हणून रडली नाही. गावची आहे म्हणून हसले, असं वाटलं तिला. कदाचित तसंच असेलही. बाबांनी मला परत पाठवलं तेव्हा ते हसले नव्हते. मी दुसऱ्यांदा येऊन "पाते लागले, फूल एकच दिसलं, बांधाकडच्या तासात" म्हटल्यावर नुसती मान हलवली आणि आडवे झाले. एवढ्यानं मी दिवसभर खूश होते.

संध्याकाळी तिला फोन केला. आधी बोलेचना. मग म्हटलं, उद्या येताना वावरातून कपाशीची एक फांदी आणशील? लगेच म्हणाली, "मॅडम, पाते, फूल, बोंड, तिन्ही हायेत सध्या एकाच झाडावर. डोमकळी पण आणू का? कालच दिसली बाबाले."

आण म्हटलं. उद्या मागच्या बाकाला तीच शिकवणार आहे.