पत्रिकेत ६३, अर्जात दोन

जर्मनीतल्या एका कंपनीत नोकरी लागली, तेव्हा आर्वी तालुक्यातल्या आमच्या गावाने पगार विचारला नाही. विचारलं ते, "सून जाते का संग?" आईने विचारलं, काकूने विचारलं. पानठेलेवाल्याने तर "बायकोले नेतं का इथंच ठेवतं?" असं विचारलं, जणू मी ट्रॅक्टरची ट्रॉली मागे सोडून चाललो होतो.

मी ऐटीत सांगितलं, मला ब्लू कार्ड, म्हणजे शिकलेल्या परदेशी माणसाला तिकडे राहून काम करायचा परवाना, मिळणार. ब्लू कार्डवाल्याच्या बायकोला व्हिसासाठी जर्मन भाषेची परीक्षा द्यावी लागत नाही आणि तिकडे गेल्यावर तिला नोकरीही करता येते. फक्त लग्नाचा दाखला पाहिजे.

त्यानंतर "फक्त" हा शब्द मी वापरणं सोडलं.

लग्नाला सहा वर्षं झाली होती, पोरगी चार वर्षांची होती, नोंदणी मात्र केलेली नव्हती. आमच्या घरी लग्नाची नोंद म्हणजे आहेराची वही, आणि ती आईच्या लोखंडी पेटीत. सरकारी दाखला ग्रामसेवक देतात आणि त्याला तीन साक्षीदार, भटजींची सही, फोटो आणि लग्नपत्रिका लागते, हे मला पस्तिशीत कळलं.

फोटो दिले. ग्रामसेवकांनी ते डोळ्यांजवळ नेले, लांब धरले, मग विचारलं, "लगन कुठी झालं मनता?"

"आमच्या अंगणात."

"अंगनात बर्फ पडते?"

फोटोग्राफरने हौसेने आमच्या मागे काश्मीर लावून दिलं होतं. लग्न मे महिन्यातलं, त्या दिवशी पारा ४५ च्या वर होता आणि माझ्या कपाळावरून घामाच्या धारा लागलेल्या. बर्फात घाम गाळणारा मी एकटाच नवरदेव असेन.

बायकोचं नाव हे आणखी एक प्रकरण. दहावीच्या सनदेवर माहेरचं, आधारवर सासरचं, आणि बँकेच्या पासबुकावर भलतंच तिसरं. ते मी मांडवात ताटातल्या तांदळावर अंगठीने लिहिलं होतं. तांदूळ त्याच रात्री शिजले, नाव तेवढं बँकेत उरलं.

पत्रिका सापडली गव्हाच्या कोठीमागे. आतल्या पानावर प्रेषक, निमंत्रक, व्यवस्थापक आणि 'आमच्या काकाच्या लग्नाला यायचं हं' म्हणणारी चिल्लीपिल्ली. मोजली, ६३ नावं. आणि व्हिसाच्या लेखी कुटुंब म्हणजे बायको आणि अठरा वर्षांखालची लेकरं. आमच्या हिशेबात दोन. समोरच्या घरातल्या चुलतकाकांचं नाव मात्र छापताना गळलं होतं, म्हणून ते मांडवात जेवले नव्हते. सहा वर्षांनी जर्मन सरकारनेही त्यांना गाळलं.

वर्ध्याहून विदर्भ एक्सप्रेसने मुंबईला गेलो, अर्ज दिले. फी ७५ युरो, पोरीची निम्मी. बाबांचं चलन कापूस. ते म्हणाले, "म्हंजे क्विंटलाले जरा कमी." ते २०२५ साल होतं; मी सांगितलं की तिकडे लेकरामागे सरकार सध्या महिन्याला २५५ युरो देतं. बाबांनी त्याचे रुपये करून त्या हंगामातल्या ८,११० च्या हमीभावाने भागलं (हातात पडतो तो भाव वेगळा, पण हिशेबाला हमीभावच बरा) आणि उठून बसले. "महिन्याले तीन क्विंटल? अन् पेरनी न करता?"

मग पडताळणी आली. भारत २००५ साली अपॉस्टिलच्या, म्हणजे एका देशाचा शिक्का मारलेला कागद दुसऱ्या देशाने खरा मानायच्या, करारात आला तेव्हा जर्मनीने हरकत घेतली होती, त्यामुळे आपल्या कागदावरचं ते स्टिकर तिकडे चालत नाही. खात्री करायची तर माणूस पाठवून करतात. आमच्या गावात एक वकील आला, तो नेमका वेचणीच्या दिवसांत. त्याने शेजारच्या काकूला गाठलं.

"यांचं लग्न झालंय का?"

"काऊन बाप्पा, काही ऐकलं का तुमी?"

"नाही, नाही. तुम्ही हजर होता?"

"हजर? म्या सोता पोया लाटल्या. वरनात मीठ कमी होतं, तेवळं लिवून घ्या."

तोवर अर्धी आळी जमली. वकील वळला तो नेमका चुलतकाकांकडे. काकांनी सावकाश खर्रा तोंडात टाकला, आभाळाकडे पाहिलं.

"आमाले काय मालूम? आमचं नाव नव्हतं पत्रिकेत."

माझ्या पायाखालची काळी माती सरकली. वकिलाची लेखणी थांबली. काकू कमरेला पदर खोचून पुढे झाली, तसे काका म्हणाले, "झालं, झालं. म्या जेवलो नाही, पन झालं."

व्हिसा आला.

त्या रात्री मी दुसरी बातमी काढली. १ मार्च २०२४ पासून ज्या कुशल कामगाराला तिकडचा पहिला परवाना मिळतो, त्याला आईवडिलांनाही नेता येतं. बायको-पोरगी माझ्या सरकारी आरोग्यविम्यात फुकट बसतात, आईबाबांचा विमा मात्र वेगळा दाखवावा लागतो. बाबांनी किती क्विंटल ते विचारलं. मी पोरीला झोपवायला उठलो.

आई बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "अन् म्हशीले कोन पाहीन?"

बाबांनी दारातून समोरच्या घराकडे पाहिलं. दिवा जळत होता.

"त्याले इचारू," ते म्हणाले. "तसंई त्याले कुठीतरी नाव पाहिजेच हाये."