नाना, तुमची राणी उन्हाने नाही गेली

नाना, तुमची प्रतिक्रिया वाचून आधी जरा झोंबलं, मग पटलं. बाकीच्या वाचकांसाठी थोडक्यात सांगतो. व्हिक्टोरिया राणीचा अगेव्ह हे केकताडाच्या (घायपाताच्या) कुळातलं, कुंडीत लावायचं झाड. त्याच्याबद्दल 'केकताडाची धाकटी बहीण, पाणी मागत नाही, खुशाल उन्हात ठेवा' असं मी लिहिलं होतं. त्यावर विसंबून नानांनी ४५० रुपयांचा हा अगेव्ह आणला. तो मेमध्ये भाजला, श्रावणात सडला. वर त्यांचा सवाल असा, की बांधावर फुकटचं केकताड असताना ही परदेशी थेरं कशाला?

नाना, बांधावरचं केकताडही मूळचं मेक्सिकोचंच. आपण त्याच्या पानांचा वाख, म्हणजे धागा, काढला, दोर वळले, आणि ते आपलं झालं. पण त्याचं पान माणसाएवढं होतं, गच्चीवर ते कुठे मावणार? राणी फूटभर उंचीवर थांबते. पानांच्या कडेला काटे नाहीत, फक्त टोकाला सुई. केकताड पिल्लं टाकत सुटतं, ही सहसा एकटीच राहते आणि वाढतेही गोगलगायीसारखी. म्हणून ती महाग.

आता माझी चूक. 'खुशाल उन्हात' हे मी लिहायला नको होतं. शेडनेटखाली वाढलेलं रोप आपल्या ४५ अंशांत तापल्या स्लॅबवर ठेवलं, तर ते भाजणारच. दिवाळीनंतर थोडं थोडं ऊन दाखवायचं, मेमध्ये दुपारची सावली द्यायची आणि कुंडी विटांवर ठेवायची, हे तेव्हाच सांगायला हवं होतं.

पण भाजल्याने झाड मरत नाही. भाजलेला डाग कोरडा, कागदासारखा असतो. तो भरून येत नाही, एवढंच. तुमचं झाड मारलं ते पाण्याने. तुम्हीच लिहिलंय, 'शेतातली कसदार काळी माती भरली.' केळी-कपाशीला ती सोनं, पण पावसाळ्यात ती फुगते, पाणी धरून बसते आणि राणीची मुळं गुदमरतात.

हे मी पैसे घालवून शिकलोय. माझं पहिलं रोप ऑगस्टमध्ये गेलं. खालचं पान धरलं तर जोर न लावता हातात आलं. बुड चहाच्या चोथ्याच्या रंगाचं, वास आंबूस. कुंडी उपडी केली तर मी घातलेल्या मुरमाच्या मधोमध नर्सरीतला कोकोपीटचा, म्हणजे नारळाच्या काथ्याच्या भुशाचा, गोळा तसाच, पिळला तर पाणी गळेल असा. तेव्हापासून रोप आणलं की आधी तो गोळा सोडवतो. मग दोन भाग चाळलेला मुरूम, एक भाग विटांचा चुरा, मूठभर जुनं शेणखत. कुंडी मातीची, रोपापेक्षा चार बोटंच मोठी. जून ते सप्टेंबर ती पत्र्याखाली, पाणी जवळपास बंद.

मेमध्येही दया येऊन रोज पाणी घालू नका. अगेव्ह पानांची छिद्रं रात्री उघडतो, त्यासाठी त्याला गार रात्र हवी असते. आपल्याकडे मेमध्ये रात्री अकरालाही भिंतीला हात लावून बघा! झाड तेव्हा थबकलेलं असतं. पंधरवड्यातून एकदा, पहाटे, पुरे.

आणि नाना, झाड अजून फेकलं नसेल तर मधला कोंब दाबून बघा. कडक असला तर सडलेलं सगळं पांढरा गर लागेपर्यंत कापा. हातमोजे घाला, चीक खाजवतो. आठ-दहा दिवस सावलीत सुकवा, मग कोरड्या मुरमावर नुसतं टेकवून ठेवा. कोंब मऊ असला तर मात्र सोडून द्या.